पाचवी मुलगी

मथळा वाचून, चार कन्यांच्या पाठीवर झालेल्या एखाद्या नकोशा लेकीची कहाणी येथे सांगायची आहे, असा कोणाचा समज होईल. तो आरंभीच दूर केलेला बरा. ही पाचवी मुलगी घरातली नव्हे, मैदानावरची आहे. आणि नकोशी तर ती मुळीच नाही. तिच्यावाचून संघाचे पान हलत नाही.

१८ नोव्हेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, शार्लट्सव्हिल गावाजवळच्या माळावर, तेथील महाविद्यालयीन मुलींची राष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धा झाली. क्रॉस कंट्री म्हणजे आखलेल्या धावपट्टीवरची नव्हे, तर गवतातून, मातीतून, चढउतारांवरून धावायची शर्यत. मुलींसाठी तिचे अंतर ६ किलोमीटर असते. प्रत्येक विद्यापीठाच्या सात मुली धावतात; त्यांपैकी आधी पोहोचणाऱ्या पाच जणींचे क्रमांक मिळवून संघाची बेरीज मांडतात. पहिली येणारी एक गुण आणते, चाळिसावी चाळीस. ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी. त्या दिवशी नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाची बेरीज १२३ झाली आणि नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाची १२४.

एका गुणाचा फरक! विजयी संघातल्या पाच जणींपैकी कोणीही एक शेवटच्या पन्नास पावलांत जरा सैल पडती आणि तिच्यापुढे आणखी दोघी जात्या, तर चषक दुसऱ्या हाती गेला असता.

या हिशेबातली एक गोष्ट प्रथमदर्शनी ध्यानात येत नाही. संघातली पहिली मुलगी कितीही वेगवान असली, तरी ती एकाहून कमी गुण आणू शकत नाही. पाचवी मात्र तीस आणू शकते, तसे दीडशेही आणू शकते. म्हणून जाणते प्रशिक्षक आपल्या संघाची पारख पहिल्या मुलीवरून करीत नाहीत. पहिली आणि पाचवी यांच्यामध्ये किती सेकंद जातात, ते घड्याळावर पाहतात. पहिली मुलगी पुष्कळदा उपजत गुण घेऊनच येते. पाचवी घडवावी लागते. आणि ती कशी घडते, किंवा घडता घडता कशी मोडते, हे ज्या घरांतून मुली महाविद्यालयाच्या मैदानावर जाऊ लागल्या आहेत, त्या घरांनी जाणून घेण्यासारखे आहे.

उशिरा उघडलेले दार

स्त्रियांना लांब पल्ल्याचे धावणे झेपत नाही, हा समज फार जुना नाही. पण त्याने नुकसान मोठे केले. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच ठेवण्यात आली. जर्मनीच्या लीना राडके हिने २ मिनिटे १६.८ सेकंदांचा जागतिक विक्रम करून ती जिंकली. जपानची किनुए हितोमी दुसरी आली. अंतिम फेरीतल्या नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. परंतु शर्यतीनंतर धापा टाकीत बसलेल्या मुलींची वर्णने काही वृत्तपत्रांनी अशी काही रंगवून छापली, की जणू रणभूमीवर प्रेतांचा खच पडला होता. परिणाम असा झाला, की ही शर्यत ऑलिंपिकमधून गेली ती १९६० साली रोममध्येच परत आली. बत्तीस वर्षांत किती पिढ्यांच्या मुली मैदानाबाहेर राहिल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

पुढेही दार किलकिलेच होत गेले. १५०० मीटरची शर्यत १९७२ साली म्यूनिकमध्ये आली. मॅरेथॉन १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये. ती अमेरिकेच्या जोन बेनॉइट हिने २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली. १०,००० मीटर १९८८ साली, तर ३,००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत, थेट २००८ साली.

महाविद्यालयांतही असेच घडले. शासकीय अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्रीपुरुष असा भेद करता येणार नाही, असा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला. ‘टायटल नाइन’ या नावाने तो ओळखला जातो. मुलांच्या स्पर्धा भरविणाऱ्या तेथील मोठ्या राष्ट्रीय संघटनेने मुलींची क्रॉस कंट्री स्पर्धा १९८१ पासून सुरू केली. तिचे अंतर प्रथम ५ किलोमीटर होते, २००० सालापासून ते ६ झाले.

या कायद्याने दार उघडले खरे, परंतु त्यातून एक विपरीत गोष्टही आत आली. कायद्यापूर्वी मुलींच्या संघांना शिकविणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रियाच होत्या. मुलींच्या खेळाला पैसा व प्रतिष्ठा लाभताच त्या जागांवर पुरुष येऊ लागले आणि २०१४ पर्यंत स्त्रियांचे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास उतरले. पुरुष प्रशिक्षक वाईट असतो असे मुळीच नव्हे. कित्येकांनी आपल्या विद्यार्थिनींना पोटच्या मुलींप्रमाणे जपले आहे. पण त्यांच्यापाशी असलेली विद्या मुलांवर तपासून घेतलेली होती. तीच थोडी पातळ करून मुलींना द्यावी, अशी रीत पडली. आणि खरी अडचण तेथून सुरू झाली.

चार वर्षांचा हिशेब

मुलगा अठराव्या वर्षी महाविद्यालयात येतो, तेव्हा निसर्ग त्याच्या बाजूने उभा असतो. त्याचे स्नायू भरत जातात, रक्तातील लाल पेशी वाढतात. बेताचा सराव केला तरी तो दरवर्षी थोडा अधिक वेगाने धावतो. मुलीचे तसे नसते. तारुण्यात येताना तिच्या देहात जे बदल होतात, कंबर रुंदावते, अंगावर थोडी चरबी धरते, ते स्वाभाविक आणि आवश्यक असतात. परंतु घड्याळाला ते कळत नाही. सोळाव्या वर्षी हरिणीसारखी पळणारी मुलगी अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी जागच्या जागी थबकल्यासारखी वाटते, कधी मागेही पडते. पुरेसा धीर धरला, तर पुढल्या दोन-तीन वर्षांत तिचा देह नव्या तोलाशी जुळवून घेतो आणि मग ती पूर्वीपेक्षा अधिक दमदार होते.

दुर्दैवाने हा थबकण्याचा काळ नेमका महाविद्यालयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाशी जुळतो. अडाणी प्रशिक्षक म्हणतो, ‘‘आळशी झालीस.’’ अर्धवट शहाणा म्हणतो, ‘‘वजन उतरव.’’ हे दुसरे वाक्य अधिक घातक असते. स्टॅनफर्ड विद्यापीठाची धावपटू लॉरेन फ्लेशमन हिने २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनपर पुस्तकात हाच मुद्दा पोटतिडकीने मांडला आहे. महाविद्यालयीन क्रीडेची सारी घडी मुलाच्या वाढीच्या वेळापत्रकावर बसविलेली आहे आणि मुलीने आपला देह त्या घडीत कोंबावा अशी अपेक्षा केली जाते, असे तिचे म्हणणे आहे. ती स्वतः महाविद्यालयीन स्पर्धांत ५,००० मीटरची राष्ट्रीय विजेती होती. तेव्हा हे हरलेल्या खेळाडूचे गाऱ्हाणे म्हणून बाजूस सारता येत नाही.

आता मोठमोठ्या धावपटूंची वये पाहा. जोन बेनॉइटने ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकली, तेव्हा ती २७ वर्षांची होती. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा येथील कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत १०,००० मीटरचे कांस्यपदक व त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धांत रौप्यपदक मिळविले, तेव्हा तिला पंचविसावे वर्ष पुरे झालेले होते. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा ती २७ वर्षांची होती. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर बत्तीस वर्षांनी ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ललिता ही पहिली भारतीय स्त्री. तिचा विक्रम मेरठच्या पारुल चौधरीने २०२३ साली मोडला, तो २८ व्या वर्षी.

याचा अर्थ उघड आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूचे खरे पीक पदवीनंतर तीन ते सहा वर्षांनी हाती येते. महाविद्यालयाचा प्रशिक्षक आंब्याची कोय रुजवीत असतो. फळ दुसऱ्याच्या अंगणात पडणार, हे त्याने मनाशी पक्के करावयाचे असते. ज्याला चौथ्या वर्षाच्या आतच फळ हवे असते, तो झाडाच्या मुळाशी कढत पाणी ओततो. चार वर्षांच्या शेवटी मुलगी निरोगी आहे का, आणि तिला अजूनही धावावेसे वाटते का, या दोन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी आली, तर तो प्रशिक्षक उत्तीर्ण झाला असे समजावे. मग कपाटात चषक असोत वा नसोत.

मैदानावरची शिस्त

असा प्रशिक्षक प्रत्यक्षात काय करतो? पहिले दोन-तीन महिने तो वेगाचे नावच काढीत नाही. केवळ सावकाश धावायला लावतो. सावकाश म्हणजे किती, तर शेजारच्या मैत्रिणीशी पुरी वाक्ये बोलता येतील इतके. बोलताना वाक्य तुटू लागले की गती जास्त झाली. याहून सोपे मोजमाप नाही आणि त्याला यंत्र लागत नाही. या संथ धावण्याने हृदय एका ठोक्याला अधिक रक्त फेकू लागते, पायांतील केशवाहिन्या वाढतात आणि स्नायुबंध व हाडे आघात सोसायला शिकतात. फुप्फुसे व हृदय लवकर तयार होतात, हाडे मागाहून. दम वाढला म्हणून उत्साहाने अंतर वाढविले, की नडगी दुखू लागते ती याच कारणाने.

पुढे आठवड्याची घडी बसते. प्रथम वर्षाच्या नवख्या मुलीसाठी ती साधारण अशी असावी: सोमवारी सावकाश ५-६ किलोमीटर, मंगळवारी ८०० मीटरच्या पाच वेगवान फेऱ्या, मध्ये दोन-तीन मिनिटे मंद धाव, बुधवारी पुन्हा सावकाश, गुरुवारी थोडे धावून दोरीवरच्या उड्या, बैठका आणि पाठपोटाचे व्यायाम, शुक्रवारी वीस मिनिटे ‘कठीण पण सोसवेल’ अशा गतीने, शनिवारी पूर्ण विश्रांती, आणि रविवारी १०-१२ किलोमीटरची लांब धाव. सर्व मिळून ३५ ते ४० किलोमीटर होतात. अमेरिकेतील अनुभवी विद्यार्थिनी आठवड्याला ८० ते १०० किलोमीटर धावतात. पण तेथवर त्या वर्षावर्षाने, पायरीपायरीने पोहोचलेल्या असतात. कठीण दिवसानंतर हलका दिवस, हे ओरेगॉन विद्यापीठाचे बिल बॉवरमन यांनी रूढ केलेले सूत्र आहे. सरावाने शरीर थकते. बलवान होते ते विश्रांतीत, हा त्यातला मथितार्थ.

आणि येथे पाचवी मुलगी पुन्हा भेटते. सगळ्या मुलींना पहिलीच्या मागे पळविणे हा सर्वांत सोपा, आणि म्हणूनच सर्वांत सार्वत्रिक असा चुकीचा मार्ग. पहिलीला जी गती सोपी, ती पाचवीला शर्यतीइतकी कठीण पडते. ती रोज शर्यत धावते आणि खऱ्या शर्यतीच्या दिवशी तिच्यापाशी काही उरत नाही. कुशल प्रशिक्षक मुलींचे दोन-तीन गट पाडतो, प्रत्येकीला तिच्या ताकदीची गती देतो आणि महिन्यामहिन्याने गट बदलतो. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षे विजेतेपद मिळविले. त्या संघाच्या प्रशिक्षिका लॉरी हेनिस या त्याच विद्यापीठाच्या माजी विद्यार्थिनी. १९९१ साली त्या स्वतः १०,००० मीटरच्या महाविद्यालयीन विजेत्या होत्या. ज्या वाटेने मुली चालल्या आहेत ती वाट त्यांनी तुडविलेली आहे. त्यांच्या तोडीच्या दुसऱ्या प्रशिक्षिका दिलजीत टेलर या भारतातून अमेरिकेत गेलेल्या पंजाबी कुटुंबातील. त्यांच्या मार्गदर्शनाखाली ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या मुलींनी मार्च २०२१ मध्ये व पुन्हा २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. भारतीय आईबापांची एक लेक परमुलखात मुलींना धावायला शिकविते आणि सर्वोच्च स्थानी नेते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या कानी आलेली नाही.

भाकरीचे गणित

धावण्याच्या विद्येत गेल्या चाळीस वर्षांत जे सर्वांत मोलाचे ज्ञान हाती आले, ते बुटांचे नव्हे की घड्याळांचे नव्हे. ते जेवणाचे आहे.

धावताना दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. पन्नास किलोंची मुलगी दहा किलोमीटर धावली, की पाचशे कॅलरी गेल्या. म्हणजे मध्यम आकाराच्या सुमारे तीन ज्वारीच्या भाकऱ्या. घरातल्या इतर मुलींच्या जेवणापेक्षा एवढे जास्त तिच्या पोटात गेले पाहिजे. ते गेले नाही, तर शरीर काटकसर सुरू करते. काटकसर करणारी गृहिणी ज्याप्रमाणे आधी सणवार आवरते आणि मग औषधपाणी, त्याप्रमाणे शरीर प्रथम मासिक पाळी थांबविते आणि मग हाडांची डागडुजी.

पाळी बंद झाली, की कित्येक मुली, आणि खेदाने म्हणावे लागते की काही प्रशिक्षकही, ‘सराव चांगला चालल्याची खूण’ म्हणून त्याकडे पाहत. कटकट गेली, असेही वाटे. १९८४ साली बार्बरा ड्रिंकवॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी थांबलेल्या तरुण धावपटूंची व पाळी नियमित असलेल्या खेळाडूंची तुलना करून दाखविले, की पहिल्या गटातील पंचविशीच्या आतबाहेरच्या मुलींच्या मणक्यांची घनता पन्नाशीतल्या स्त्रीइतकी उतरलेली होती. पुढे १९९२ मध्ये अपुरा आहार, थांबलेली पाळी व ठिसूळ हाडे या तिहींच्या साखळीला तज्ज्ञांनी एकत्रित नाव दिले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ही व्याप्ती वाढवून, ऊर्जेच्या तुटीने हृदय, प्रतिकारशक्ती आणि मनःस्थितीही बिघडते, असे स्पष्ट केले. मुलगी हडकुळी दिसलीच पाहिजे असे नाही. वजन नेहमीचे असूनही तूट असू शकते. बहुतांश हाडांचा साठा विशीपर्यंत जमतो. तो जमण्याच्या वर्षांत तिजोरीला भोक पडले, तर नडगीला किंवा पावलाच्या हाडांना केसासारखी बारीक चीर पडते आणि सहा-आठ आठवडे, कधी त्याहूनही अधिक, मुलगी घरी बसते. पुन्हा धावते, पुन्हा चीर. अशा किती पाचव्या मुली निमूटपणे खेळ सोडून गेल्या असतील!

म्हणून आजचा जाणता प्रशिक्षक मुलीला चारचौघींत वजनकाट्यावर उभे करीत नाही. त्याऐवजी ती झोपते किती, जेवते काय, दुखते कोठे आणि पाळी नियमित आहे का, याची नोंद राहील असे पाहतो. आणि ही शेवटची नोंद मुलीने स्वतः, किंवा तिच्या विश्वासातल्या शिक्षिकेने ठेवावी, अशी व्यवस्था करतो. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर सराव कमी करून डॉक्टरकडे जावे. यात लाजण्यासारखे काही नाही. ताप आल्यावर आपण लाजतो का?

आपल्या गावची मैदाने

येथवरच्या गोष्टी बहुतांशी सातासमुद्रापलीकडच्या झाल्या. पण इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील मराठी घरांतून पहाटे मैदानावर जाणाऱ्या मुलींचे देह काही निराळ्या मातीचे नाहीत. ग्वाल्हेरकरांना तर याचा विशेष अभिमान वाटावा. सत्तावनच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या शताब्दीच्या वर्षी, ऑगस्ट १९५७ मध्ये, जेथे झाशीच्या राणीने देह ठेवला त्याच नगरीत तिच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे राष्ट्रीय महाविद्यालय उभे राहिले. १९९५ पासून त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. देशभरच्या शाळा-महाविद्यालयांतील कितीतरी क्रीडाशिक्षक तेथून तयार होऊन गेले. घोड्यावर मांड ठोकणाऱ्या राणीच्या नावाची संस्था ज्या गावात आहे, तेथे मुलीने चड्डी घालून धावावे की नाही, हा वाद आता तरी संपायला हवा.

आपल्याकडे पाश्चात्त्य देशांहून एक अडचण अधिक आहे, ती रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. १५ ते १९ वयाच्या मुलींत हे प्रमाण ५९ टक्के होते. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते; ते १२ ग्रॅमच्या खाली गेले, की स्त्रीला रक्तक्षय आहे असे धरतात. लांब पल्ल्याच्या धावण्यात सारा खेळ प्राणवायूचा. त्यातून पाळीत रक्त जाते आणि पाऊल जमिनीवर पुनःपुन्हा आदळल्याने काही लाल पेशी फुटतात, त्या वेगळ्याच. चाळीस रुपयांची बॅट हातात देऊन शतकाची अपेक्षा करावी, तसे रक्तक्षयी मुलीकडून वेगाची अपेक्षा करणे होय. तेव्हा सरावाच्या पहिल्याच आठवड्यात रक्ततपासणी, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा, एवढे तरी प्रत्येक महाविद्यालयाच्या जिमखान्याला जमण्यासारखे आहे. घरी पालेभाजी व कडधान्यांवर लिंबू पिळावे, आवळा द्यावा. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा देऊ नये, कारण तो अन्नातील लोह शरीराला घेऊ देत नाही. हाडांसाठी दूध, तीळ आणि नाचणी आपल्या घरांना नवी नाहीत. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

दुसरी गोष्ट उपासांची. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र यांची पुरी नामावळी पाळणारी मुलगी आठवड्याचा कठीण सराव नेमका उपाशीपोटी करीत असते आणि प्रशिक्षकाला त्याचा पत्ता नसतो. श्रद्धेची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु त्या दिवशी सराव हलका ठेवता येतो. नुसत्या साबुदाण्यावर न राहता दूध, दाणे, केळी, राजगिरा यांनी पोट भरता येते. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘‘तुझ्या वाटचा उपास मी करीन, तू जेव,’’ असे म्हटले तर देवही रागावणार नाही. यापरते नातीचे कौतुक कोणते?

तिसरी गोष्ट मैदानाची. पहाटे साडेपाचला अंधार असतो. मैदानावर दिवा आहे का, कपडे बदलायला खोली आणि स्वच्छ शौचालय आहे का, दोन मुली तरी जोडीने येतात-जातात का, हे प्रश्न प्रशिक्षकाच्या कार्यक्षेत्राबाहेरचे नाहीत. ते सराव-आराखड्याचे पहिले कलम आहे. बाहेरगावच्या स्पर्धेला संघाबरोबर एक स्त्री असावी. मुलीचा गुरूवरचा विश्वास हे जसे मोठे बळ, तसाच त्याचा गैरवापर हे मोठे पाप. २०१३ च्या कायद्यानुसार तक्रारीसाठी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, हे मुलीला व पालकांना ठाऊक असावे. चांगल्या प्रशिक्षकाला असे विचारलेले आवडते. ज्याला राग येतो, त्याच्याकडे मुलगी पाठविण्याआधी दोनदा विचार करावा.

आणि चौथी गोष्ट काळाची. आपल्या घरांत पदवीचे शेवटचे वर्ष आले, की स्थळे सांगून येऊ लागतात. धावपटूचे बहरण्याचे वय आणि लग्नाचा मुहूर्त एकमेकांवर आदळतात. लग्नाला कोणाचा विरोध नाही. पण पंचविसाव्या वर्षी जे फूल उमलायचे, ते एकविसाव्या वर्षी ‘झाले तेवढे पुरे’ म्हणून खुडले जाऊ नये. ‘मुलगी लग्नानंतरही धावेल’ हे वाक्य बैठकीत बोलून दाखविणारे बाप अजून थोडे आहेत; पण ते वाढले पाहिजेत.

पाचवीचे पुढे काय होते?

कविता राऊत किंवा ललिता बाबर प्रत्येक महाविद्यालयातून निघणार नाही, हे उघड आहे. बहुतेक मुली पाचव्याच असतात. त्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत. त्या पुढे शिक्षिका होतात, बँकेत लागतात, संसाराला लागतात. मग त्यांच्यावर घेतलेले श्रम वाया गेले का?

धावपट्टीवरची चार वर्षे नीट गेलेली मुलगी तेथून काय घेऊन येते, ते पाहावे. भक्कम हाडे, ज्यांचा उपयोग तिला साठाव्या वर्षी होणार आहे. आपल्या देहाची भाषा ओळखण्याची सवय. आज जमले नाही ते सहा महिन्यांनी जमेल, हा अनुभवाने आलेला धीर. आणि आपण मागे पडलो तर आणखी चौघींचे नुकसान होते, म्हणून शेवटच्या पन्नास पावलांत दात आवळून धावण्याची वृत्ती. शार्लट्सव्हिलच्या माळावर एका गुणाने चषक मिळाला, तो याच वृत्तीने. घरसंसार, नोकरी, समाज यांपैकी कोणत्या ठिकाणी ती उपयोगी पडत नाही?

प्रशिक्षकाने आपले काम चोख करावे; परंतु दिवसाच्या चोवीस तासांपैकी मुलगी त्याच्याजवळ दोनच तास असते. बाकीचे बावीस आपले आहेत. ती दमूनभागून मैदानावरून परत येईल, बूट दाराशी काढील. त्या वेळी घरातून पहिला प्रश्न ‘‘कितवी आलीस?’’ असा येऊ नये. ‘‘हातपाय धू, पान वाढलंय,’’ एवढेच म्हणावे. नंबर ती जेवताना आपणहून सांगेल.